बोट उचलल्यावर काय? रिमोटचा स्विच, खेळण्यातली गाडी आणि दासगावचा एक देखावा

पेटची तयारी करणाऱ्यांकडून एक प्रश्न हमखास येतो. ‘विषय आवडीचा आहे, पण त्याचे कागदच कुठे नाहीत. मग इतिहास लिहायचा कशावरून?’ सल्ले देण्यापेक्षा आज तुम्हाला एक वस्तू दाखवतो. माझ्या कामातला हा छोटासा तुकडा आहे, प्रबंधात कदाचित दोन पानं येतील. पण कागद नसताना काय करता येतं, हे त्यातून नीट दिसतं.

वस्तू अशी. साधारण वहीच्या आकाराचा प्लायवूडचा तुकडा. त्यावर खेळण्यातल्या रिमोटच्या गाडीतून काढलेली रिसीव्हरची पट्टी स्क्रूने बसवलेली. शेजारी सोळा पायांची एक चिप, बारा-पंधरा डायोड, चार रिले. वायरींवर औषधाची चिकटपट्टी गुंडाळून त्यावर बॉलपेनने लिहिलेलं: ‘यमुना’, ‘फणा’, ‘कृष्ण’, ‘फोकस’. दासगावच्या एका घरात घरगुती गणपतीपुढे कालियामर्दनाचा हलता देखावा असायचा, त्याचा हा मेंदू. थर्माकोल, रंगवलेलं कापड, गाडीच्या वायपरची जुनी मोटर, कूलरचा पंप हे बाकीचं सगळं गेलं. एवढंच उरलं.

दासगाव म्हणजे मुंबईहून येताना महाडच्या अलीकडे, सावित्रीच्या काठचं गाव. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना हे नाव क्रॉफर्ड तळ्यामुळे माहीत असायला हवं. १९२७ च्या महाडच्या सत्याग्रहाआधी, १९२६ मध्ये इथल्या तळ्यावर अस्पृश्य मानलेल्या लोकांनी एकत्र येऊन पाणी घेतलं. त्यात पुढाकार घेणारे रा. बा. मोरे आठवणी लिहून ठेवत होते, त्यांच्या मुलाने त्या पुस्तकात आणल्या, म्हणून आज आपण त्या दिवसाबद्दल इतकं बोलू शकतो. गणपतीच्या देखाव्याच्या आठवणी कोण लिहून ठेवणार? हा देखावा करणारे काका महाडला रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचे. ते आता नाहीत. आकृत्यांची त्यांची एक वही होती, ती महाडच्या घरात होती आणि जुलै २०२१ च्या पुरात गेली. प्लायवूड माळ्यावर होतं म्हणून वाचलं.

मग मी काकींशी बोललो. हा देखावा कोणत्या वर्षीचा? त्या म्हणाल्या, ‘दरडीच्या वर्षी केलाच नाही काही. त्याच्या पुढच्या वर्षी हा रिमोटचा.’ दासगावात कुणालाही ‘दरडीचं वर्ष’ समजावून सांगावं लागत नाही. २५-२६ जुलै २००५ ला डोंगर खाली आला. दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन या गावांनी माणसं गमावली. तेव्हापासून इथे लग्नं, बारशी, घराची कौलं सगळं दरडीच्या आधी किंवा नंतर असं मोजतात. तोंडी इतिहासात अशी खूण मिळाली की ती पक्की धरावी, कारण माणूस साल विसरतो, पण त्या वर्षी गणपतीत घर कसं होतं ते विसरत नाही. म्हणजे काकींच्या हिशोबाने रिमोटचा देखावा २००६ चा.

आता वस्तूकडे या. बहुतेक चिपांवर नावाखाली चार आकडे छापलेले असतात. पहिले दोन वर्ष, पुढचे दोन त्या वर्षातला आठवडा. गाडीच्या रिसीव्हरवरच्या चिपेवर भिंगातून दिसतं: ०८३४. २००८ चा चौतिसावा आठवडा, म्हणजे १८ ते २४ ऑगस्ट. त्या साली गणेशचतुर्थी ३ सप्टेंबरला होती. दहा-पंधरा दिवसांत चिप तयार होऊन, खेळण्यात बसून, बोटीने भारतात येऊन, महाडच्या बाजारातून दासगावात पोचणं शक्य नाही. म्हणून हे फळकूट आज दिसतंय त्या रूपात २००९ च्या आधीचं असूच शकत नाही. नंतरचं असू शकतं, कारण चिप दुकानात किंवा खेळणं कपाटात वर्षानुवर्षं पडून राहतं. हा कोड ‘याच्या आधी नाही’ इतकंच सांगतो, ‘याच वर्षी’ असं कधीच सांगत नाही. तपासायचं तर एकाच भागावर थांबू नका. रिलेवरही असा छाप असतो, मोठ्या कपॅसिटरवरही असतो. सगळ्यांत नवीन तारीख कोणती, ती धरा.

झाली ना पंचाईत? काकी २००६ म्हणतात, चिप २००९ म्हणते. विज्ञान शाखेतून आलेल्या माणसाचा हात इथे आपोआप चिपेच्या बाजूला झुकतो. मोजलेलं खरं, आठवलेलं ढोबळ. ही सवय संशोधनाला फार मारक आहे असं माझं मत आहे. दोन साक्षी जुळत नसतील तर आधी हे बघायचं की दोघी एकाच गोष्टीबद्दल बोलतायत का.

फळकूट उलटंपालटं करून पाहिलं की गाडीच्या पट्टीखाली तीन छोटी भोकं दिसतात, ओळीत. त्यांच्याभोवती जुन्या सोल्डरचा राखाडी डाग. बाकीच्या नव्या जोडांचं सोल्डर चकचकीत आहे, हे मळकट. शेजारी पेन्सिलने लिहिलेला पुसट आकडा: १७३८. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेल्या कुणालाही हा आकडा दाखवा, तो हसेल. टीएसओपी १७३८ हा टीव्हीच्या रिमोटचे अवरक्त किरण पकडणारा तीन पायांचा भाग. तो, ४०१७ नावाची चिप, एक-दोन ट्रान्झिस्टर आणि एक रिले जोडून ‘टीव्हीच्या रिमोटवर चालणारा पंखा’ हा प्रोजेक्ट आपल्याकडे किती पॉलिटेक्निकांत झाला असेल याची गणती नाही. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत सगळं सामान एका दुकानात मिळायचं.

म्हणजे आधी एक रिमोट होता, किरणांचा. त्यावर नंतर दुसरा बसवला, रेडिओचा. काकी पहिल्याबद्दल बोलतायत, चिप दुसऱ्याबद्दल. दोघी खऱ्या.

पण बदललं का? याचं उत्तर काकींकडूनच आलं, त्यांना ते महत्त्वाचं वाटत नव्हतं तरी. ‘आरतीला सगळे समोर उभे राहिले की चालायचा नाही. आणि आमचा धाकटा आत टीव्ही लावायचा तर इकडे फणा वर!’ दोन्ही तक्रारी तांत्रिकदृष्ट्या चोख आहेत. अवरक्त किरण माणसांच्या गर्दीतून आरपार जात नाहीत, मध्ये कुणी आलं की संपलं. त्यात देखाव्यावर सोडलेले पिवळे फोकस स्वतःच भरपूर अवरक्त उजेड फेकतात, त्यात रिसीव्हरची संवेदना कमी होते. दुसरी गंमत अशी की हे साधं सर्किट संदेश वाचतच नाही. टीव्हीच्या रिमोटमधून प्रत्येक बटणाचा वेगळा संकेत निघतो, पण इथे त्याचा अर्थ लावणारं कुणी नाही. ‘काहीतरी आलं’ इतकंच त्याला कळतं. मग रिमोट कुणाचाही असो, बटण आवाज वाढवायचं असो की चॅनल बदलायचं, कालिया डोकं वर काढणारच.

खेळण्यातल्या गाडीने हे दोन्ही प्रश्न सोडवले. रेडिओलहरी माणसांच्या गर्दीतून जातात. आणि स्वस्त गाड्यांतही ‘टीएक्स-२’ आणि ‘आरएक्स-२’ अशी चिपांची जोडी असते. रिमोटमधली चिप ‘पुढे’, ‘मागे’, ‘डावीकडे’, ‘उजवीकडे’ यांसाठी ठरावीक संख्येचे ठोके पाठवते, गाडीतली ते मोजते. म्हणजे संदेश पाठवणारा, वाचणारा, डबी, एरियल, बटणं सगळं एका खोक्यात तयार. आयात मालावरची बंधनं २००१ च्या एप्रिलपर्यंत उठली आणि अशा गाड्या तालुक्याच्या बाजारात, जत्रेत दिसायला लागल्या. त्याआधीच्या काळाबद्दल एक कायदाही लक्षात ठेवा. १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र कायद्याप्रमाणे बिनतारी उपकरण विनापरवाना जवळ बाळगणंच गुन्हा होता. घरच्या रेडिओलाही परवाना लागायचा, तुमच्या आजोबांकडे ते पुस्तक असेल. तेव्हा गावातल्या मेकॅनिकने रेडिओवर चालणारं काही करून पाहण्याचा इतिहास आपल्याकडे उशिरा का सुरू होतो, याचं उत्तर हुशारीच्या कमतरतेत शोधू नका.

आता या फळकुटातला मला सर्वांत आवडणारा भाग.

रिमोटच्या गाडीत मोटरला दोन वायरी जातात. ‘पुढे’ दाबलं की एक वायर धन, दुसरी ऋण. ‘मागे’ दाबलं की उलट. काकांनी मोटर काढून टाकली आणि या दोन वायरी त्या सोळा पायांच्या ४०१७ ला जोडल्या. एक चौदाव्या पायाला, दुसरी पंधराव्या पायाला, आणि दोन्ही पायांपासून ग्राउंडला एकेक रेझिस्टर, म्हणजे कुणी बटण दाबलेलं नसताना पाय अधांतरी राहू नयेत. ४०१७ चं काम मोजणं. चौदाव्या पायावर एक ठोका आला की ती एक पाऊल पुढे सरकते: पहिला दिवा, मग दुसरा, मग तिसरा. पंधरावा पाय तिला पुन्हा सुरुवातीला आणतो. झालं! ‘पुढे’ म्हणजे देखाव्याचा पुढचा प्रसंग, ‘मागे’ म्हणजे पहिल्यापासून. पहिल्या दाबाला यमुनेचं पाणी, दुसऱ्याला फणा, तिसऱ्याला फण्यावर कृष्ण, चौथ्याला फोकस. मधले डायोड कशासाठी, तर कृष्ण वर आला तरी पाणी चालू राहावं म्हणून. स्टीअरिंगच्या दोन वायरी तशाच सोडलेल्या. चार बटणं हाताशी असताना माणूस दोनच वापरतो.

याचं कारण कळायला एक साधी गोष्ट स्वतः करून बघा. रिमोटच्या गाडीची मोटर काढून तिथे फक्त रिले लावा. (बॅटरीवरचा दिवाच जोडा. २३० व्होल्टला असल्या फळकुटावर हात लावू नका, पाणी असलेल्या देखाव्यात तर अजिबात नाही.) बटण दाबलं, दिवा लागला. बोट उचललं, दिवा विझला. गाडीसाठी हे बरोबर आहे, बोट उचलल्यावर गाडी थांबलीच पाहिजे. देखाव्यासाठी हे निरुपयोगी. कुणी बटणावर अंगठा रोवून आरती म्हणणार आहे का? म्हणजे दूरवर संदेश पोचवणं हा अर्धाच प्रश्न. उरलेला अर्धा असा की संदेश थांबल्यावर यंत्राने काय लक्षात ठेवायचं आणि काय विसरायचं. काकांच्या फळकुटात किरणांच्या जागी रेडिओ आला, पण ४०१७ आधीचीच राहिली. तिचं सोल्डर त्या तीन भोकांभोवती आहे तसंच मळकट आहे. निरोप्या बदलला, स्मरण तेच ठेवलं.

हा प्रश्न दासगावचा नाही, रिमोट नावाच्या गोष्टीच्या जन्मापासूनचा आहे. १८९० मध्ये फ्रान्समध्ये एदुआर ब्रानली यांनी दाखवलं की नळीत भरलेला धातूचा कीस जवळ ठिणगी पडली की एकदम वीज वाहू देतो. इंग्लंडच्या ऑलिव्हर लॉज यांनी त्याला ‘कोहेरर’ म्हटलं. जगातला पहिला रिमोट स्विच म्हणा हवं तर. पण याची खोड गाडीच्या उलट. लहर गेली तरी कीस चिकटलेलाच राहायचा, स्विच चालूच. त्याला विसरायला लावायचं तर नळीवर टिचकी मारावी लागे. त्यासाठी लॉज यांनी ठोके देणारी यंत्रणा जोडली. आपल्या जगदीशचंद्र बोसांनी १८९५ साली कलकत्त्यात अदृश्य लहरी भिंतींपलीकडे पाठवून घंटा वाजवली, बंदुकीची दारू पेटवली, हे शाळेत सांगतात. त्यांचा १८९९ चा शोधनिबंध मात्र कुणी सांगत नाही. त्याच्या शीर्षकातच ‘स्वतःहून पूर्ववत होणारा कोहेरर’ आहे. टिचकीशिवाय विसरणारा स्विच! बोसांना तसाच हवा होता, कारण त्यांना पुढचा संकेत लगेच ऐकायचा होता.

निकोला टेस्लाला उलट हवं होतं. १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याने पाण्याच्या हौदात छोटी बोट लांबून चालवून दाखवली. खेळण्यासारखीच ती. त्याचं पेटंट आज कुणालाही वाचता येतं, तुम्ही वाचाच. मूळ दस्तऐवज वाचायची सवय लावायला पेटंटाइतकी सोपी जागा नाही. त्यात लाटांचं वर्णन आहेच, पण टेस्लाची खरी मेहनत बोटीच्या पोटातल्या एका चकतीवर आहे. दर संकेताला ही चकती एक टप्पा सरकते आणि सुकाणू डावीकडे, सरळ, उजवीकडे असं क्रमाने जातं. कोहेररची नळी घड्याळासारख्या यंत्रणेने दर वेळी उलटी होते, म्हणजे कीस सुटा होतो. विसरायचं काम नळीचं, लक्षात ठेवायचं चकतीचं. आता ४०१७ आठवा. एका ठोक्याला एक पाऊल. तिच्या घराण्यातल्या चिपा आरसीए कंपनीने १९६८ मध्ये आणल्या, आणि चकतीचं काम सोळा पायांच्या एका काळ्या तुकड्यात आलं. काकांनी टेस्लाचं पेटंट वाचलं असण्याची शक्यता फार कमी. एक बटण आणि अनेक हालचाली हा प्रश्न सारखा होता, म्हणून उत्तरही त्याच वळणाचं आलं. इतिहास लिहिताना ‘प्रभाव’ हा शब्द वापरण्याआधी ही शक्यता तपासा. नुसतं साम्य दिसलं म्हणजे कुणी कुणाचं उचललं असं होत नाही.

खेळण्यात हे पहिल्यांदा आलं १९५५ साली, जपानच्या मासुदाया कंपनीच्या ‘रॅडिकॉन’ या पत्र्याच्या बसमध्ये. त्या बसच्या पोटात चक्क कोहेरर होता! शास्त्रज्ञांनी केव्हाच अडगळीत टाकलेली गोष्ट खेळण्यात पुन्हा जिवंत झाली. तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांच्या सनावळीवरून लिहिला की अशा गोष्टी निसटतात. डेव्हिड एजर्टन यांचं ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ याच मुद्द्यावर आहे: शोध कधी लागला यापेक्षा वस्तू कधी, कुठे, कुणी वापरली ते बघा. तयारीत हे एक पुस्तक वाचलंत तरी खूप.

कलेच्या बाजूने पाहिलं तर १९६४ मध्ये नाम जून पाइक यांनी शुया आबे या अभियंत्याच्या मदतीने ‘के-४५६’ नावाचा यंत्रमानव केला. वीस चॅनलच्या रेडिओ रिमोटवर तो रस्त्यात चालायचा, केनेडींचं भाषण ऐकवायचा आणि शौचाच्या जागी चवळ्यासारखे दाणे टाकायचा. त्यावर आजही प्रबंध होतात. २००० नंतरच्या काही वर्षांत नताली जेरेमिजेन्को यांनी बाजारातले खेळण्यातले कुत्रे उघडून त्यांना प्रदूषण हुंगायला लावलं आणि कलाप्रकल्प म्हणून मोकळे सोडले. (महाडच्या एमआयडीसीजवळ राहणाऱ्यांना ही कल्पना लगेच पटेल.) मी दासगावचा देखावा यांच्या रांगेत बसवत नाही. काका स्वतःला कलावंत म्हणवत नव्हते, आणि मेल्यानंतर त्यांना तो किताब चिकटवणं हा आपला उद्योग झाला. फरक दुसरा आहे. पाइकचा यंत्रमानव जपायचा म्हणून जपला गेला. देखावा मोडण्यासाठीच बांधलेला असतो. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पंप पुन्हा कूलरमध्ये, वायरी डब्यात, थर्माकोल परसात. पुराने वही नेली हे खरं, पण या इतिहासाचे बाकीचे पुरावे पुराने नेले नाहीत. ते काटकसरीने नेले. चांगली मोटर कुणी आठवण म्हणून ठेवत नाही.

आपल्या भाषेत मात्र या सगळ्याची एक खूण राहिली आहे. दोरीने नाचवायच्या बाहुल्यांना आपण कळसूत्री म्हणतो. पिंगुळीच्या ठाकर कलाकारांनी ही कला अजून जिवंत ठेवली आहे, परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली ती त्यासाठीच. कळ म्हणजे खटका, सूत्र म्हणजे दोरी. बाहुलीवाल्याने सूत्र सोडलं की बाहुली मान टाकते, खेळण्यातल्या गाडीसारखीच. सूत्र काढून नुसती कळ ठेवायची, तर बाहुलीच्याच पोटात काहीतरी लक्षात ठेवणारं घालावं लागतं.

अशी वस्तू तुमच्या हाती आली तर तिला लगेच वीज देऊ नका. चालतं का हे बघायचा मोह मोठा असतो, पण जुना रिले चिकटलेला असतो, डायोड फुटलेला असतो, आणि जळालेला पुरावा परत येत नाही. आधी दोन्ही बाजूंनी पट्टी ठेवून फोटो, मग प्रत्येक वायर कुठून कुठे जाते त्याचा नकाशा, मग भिंगातून आकडे. सोल्डरचे रंग टिपून ठेवा. हे सगळं झाल्यावर घरच्यांशी पुन्हा बोला. पहिल्या भेटीत तुम्ही ‘कधी केलं’ विचारलेलं असतं. नकाशा हातात असला की ‘ही वायर कशाची’ असं विचारता येतं आणि समोरचा माणूस अगदी वेगळंच सांगू लागतो.

मीही तसंच केलं. ४०१७ च्या पुढच्या पायाला एक पाचवी वायर आहे, जेमतेम बोटभर लांब, टोक सोललेलं पण कशालाच न जोडलेलं. तिच्यावरही चिकटपट्टी आहे आणि पट्टीवर लिहिलंय ‘उंदीर’. कालियामर्दनात उंदीर कुठून आला, असं काकींना विचारलं. त्या म्हणाल्या, ‘शेवटी तो बाप्पाला नमस्कार करणार होता. दरवर्षी म्हणायचे, पुढच्या वर्षी बसवतो.’